चार कुटुंबांची अट

२ जानेवारी १९९९

बियाण्याच्या दुकानातून दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी ती कपाटात पडून राहते. यंदा लिहायचं ठरवलं आहे, कारण काल आठव्या खोलीचा रंग पुरा झाला. सातवी शिकलेल्या माणसाने काय लिहावं, असं मनात आलं. मुलगी मनीषा म्हणाली, अण्णा, बोलता तसं लिहा.

तर लिहितो. मी लहानू काशिनाथ थेटे, मखमलाबाद रोड, नाशिक. ही कॉलनी उभी आहे ती आमच्या गुलाबाच्या मळ्यावर. लेआउट पडला तेव्हा दोन प्लॉट आम्ही स्वतःला ठेवले. सोळा नंबरवर आमचं घर. हॉल वीस बाय चौदा, खाली मार्बल. कॉलनीत सगळे नोकरदार, पण असा हॉल कोणाकडे नाही. मागच्या सतरा नंबरवर आठ खोल्या, समोरासमोर चार-चार. प्रत्येक खोलीला दोन खिडक्या, हे मुद्दाम लिहितो. भाड्याच्या खोलीला एक खिडकी देतानाही लोकांच्या जिवावर येतं.

आठ खोल्यांत आठ कुटुंबं. भिकन गावित आणि त्याची बायको चिमणाबाई सुरगाण्याकडची, तो बांधकामावर असतो. मल्हारी पेठ तालुक्यातला, द्राक्षबागेत छाटणीला जातो. सलाउद्दीन गवंडी येवल्याचा, त्याची बायको जुलेखा. बाकीची पाच घरं डोंगराकडचीच. सगळी सरळ माणसं. मला मालक म्हणतात. काही काम असलं की चपला काढून ओट्याच्या पायरीखाली उभी राहतात. मी कधी कोणाला खाली थांब म्हटलं नाही, आणि कोणी कधी वर आलं नाही. इतकी मर्यादेची माणसं मिळायला नशीब लागतं.

८ जानेवारी

महापालिकेची नोटीस आली. मनीषाने मोठ्याने वाचून दाखवली. ती पॉलिटेक्निकला स्थापत्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला असले कागद समजतात. आमच्या लेआउटला मंजुरी देताना एक अट घातलेली आहे. हा भाग राहण्याचा, म्हणून एका प्लॉटवर चारपेक्षा जास्त कुटुंबं नकोत. सतरा नंबरवर आठ आहेत. नऊ फेब्रुवारीला सुनावणी आहे, तोवर चार कमी करा किंवा येऊन म्हणणं मांडा.

तक्रार कॉलनीच्या रहिवासी समितीची आहे. खाली अध्यक्ष म्हणून कापडणीस सरांची सही. ते निवृत्त हेडमास्तर आहेत, समोरच राहतात. त्यांना प्लॉट मीच दिला, पायाभरणीला नारळही मीच फोडला. राग आला. पण खरं लिहायचं तर सर वाईट माणूस नाही. नळाला चाळीस मिनिटं पाणी येतं, आणि त्यांच्या बायकोला गुडघ्यांमुळे खालून कळशी चढवता येत नाही. आठ घरं वाढली की पाण्याला ओढ लागणारच.

१० जानेवारी

सरांच्या गच्चीवर समितीची मीटिंग झाली. मी गेलो आणि चांगलं बोललो. कोणी म्हणालं गर्दी होते, कोणी म्हणालं कॉलनीची कळा जाते. मी उभा राहिलो आणि विचारलं, ती माणसं मागच्या बाजूची आहेत, पुढच्या रस्त्यावर तुम्हाला कधी दिसतात का? अहो, इतकी वर्षं झाली, आमच्या घरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, तर तुमच्याकडे काय येणार? ती काय आपल्यातली थोडीच आहेत?

सगळे गप्प झाले. बोलणं पटलं असावं. सर एवढंच म्हणाले, की अट ती अट.

चहा चिमणाबाईनेच दिला, ती सरांकडे भांड्याला आहे. सगळ्यांना दिला आणि मला द्यायचं विसरली. कामाचा ताण असेल.

१५ जानेवारी

मल्हारी खोली सोडून गेला. बायको, दोन पोरं, सामान घेऊन सकाळच्या एस्टीने. महिन्याचं भाडं चुकतं केलेलं, खोली झाडलेली, कुलूप कडीला अडकवून किल्ली त्यातच. मला एका शब्दाने बोलला नाही. चार वर्षं राहिलेला माणूस असा जातो याचं वाईट वाटलं, आणि रागही आला. त्याच्या पोरीच्या तापात मी स्वतः रिक्षा बोलावून आणली होती.

भिकनला विचारलं. तो म्हणाला, "मालक, चार जणं जायचीच व्हती. एक कमी झाला." चिमणाबाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

२१ जानेवारी

मनीषा या आठवड्यात तीनदा उशिरा आली. लायब्ररीत होते म्हणते. तिच्या आईला, सरुबाईला, काळजी लागली आहे. मी म्हटलं, आता शिक्षण पुरे होत आलं, पुढचं बघू. ओझरचं एक स्थळ आहे. मुलगा सोसायटीत क्लार्क, घरची द्राक्षं. ते लोक चौदा फेब्रुवारीला बघायला येतो म्हणाले. हॉलला नवा रंग काढायचा विचार आहे. पाहुणे दारातून आत आले की पहिल्या नजरेत त्यांना कळलं पाहिजे, की मुलगी कुठल्या घरची आहे.

मनीषाला सांगितलं. बरं म्हणाली आणि टेप घेऊन हॉलची लांबी मोजत बसली. कॉलेजचं काहीतरी असेल.

३ फेब्रुवारी

आज एक जण भेटला. नाव लिहीत नाही. म्हणाला, कशाला घाबरता, कागदावर चार नावं दाखवा, तपासणीला माणूस आला तर बाकीच्यांनी तेवढा दिवस बाहेर काढायचा. पुष्कळ ठिकाणी असंच चालतं म्हणे.

मी खोटं लिहिणार नाही, मला ते पटलं. कोणाला काढायला नको, कोणाशी भांडायला नको. जेवताना बोलून दाखवलं. मनीषाने घास खाली ठेवला. "अण्णा, मग दार वाजलं की रोज तीन घरांनी लपायचं. कोणी लपायचं ते तुम्ही सांगणार का?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी जेवण पुरं केलं, पण त्या माणसाला उद्या नाही म्हणून सांगायचं ठरवलं.

५ फेब्रुवारी

आज घरात भांडण झालं. पुरं लिहितो, म्हणजे मनातून जाईल.

संध्याकाळी मनीषाने हॉलच्या फरशीवर मोठा कागद पसरला. नकाशा होता. दोन्ही प्लॉट, विहीर, खोल्या, गटाराची लाइन, सगळं पेन्सिलीने नीट काढलेलं. ती लायब्ररीत नव्हती. महापालिकेच्या नगररचना विभागात चार वेळा जाऊन आमच्या लेआउटच्या मंजुरीचा मूळ आदेश तिने शोधून काढला, आणि त्याची नक्कल आणली. अट एका प्लॉटला चार कुटुंबं अशी आहे. सतरावर चार राहू शकतात. मल्हारी गेल्यावर आता सात आहेत, म्हणजे तिघांचा प्रश्न.

"आणि सोळावर एकच कुटुंब आहे, अण्णा. आपलं."

मला आधी कळलं नाही. मग तिने बोट ठेवलं. आमच्या हॉलच्या बरोबर मधून एक भिंत काढलेली होती. अर्धा हॉल आणि बाजूची खोली मिळून एक घर, मागच्या दोन खोल्यांचं एक, आणि वरच्या धान्याच्या खोलीचं एक. प्रत्येकाला वेगळं दार, वेगळा संडास.

मी म्हणालो, हे घर आहे, भाड्याच्या खोल्या नाहीत. ती म्हणाली, "त्याही घरंच आहेत ना? दोन खिडक्या तुम्हीच दिल्या." भिंत नेमकी हॉलमधूनच का, असं विचारलं, तर म्हणाली, खिडक्या तिथेच मिळतात. मी ओरडलो. माझ्या आयुष्याचं काम आहे हा हॉल. ती कागद गुंडाळून आत गेली. मी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो.

७ फेब्रुवारी

दोन दिवस मनीषाशी बोललो नाही. आज सरुबाई फरशी पुसता पुसता थांबली. ती फार बोलणारी नाही. म्हणाली, नऊ वर्षं मी हा हॉल पुसते आहे, यात पाहुणे किती वेळा बसले ते सांगा. तिनेच बोटांवर मोजलं. एक हात पुरला. "बाकीचे दिवस इथं मीच असते, ती पण वाकून."

ती बादली उचलून गेल्यावर मी टेप घेतला. म्हटलं, पोरीच्या नकाशात कुठेतरी चूक सापडेल. तिने हॉल एकोणीस फूट आठ इंच लिहिला आहे, मी जन्मभर वीस सांगत आलो. मोजला. एकोणीस फूट आठ इंच भरला.

कागद पुन्हा उघडून बराच वेळ बघितला. रेघ कुठे हललेली नाही. आमच्या घरात असं काम करणारं आजवर कोणी झालं नाही. मनीषाला म्हटलं, नऊ तारखेला तू बरोबर चल.

९ फेब्रुवारी

सुनावणी झाली.

टेबलापलीकडे अधिकारी, अलीकडे एका बाजूला कापडणीस सर आणि समितीचे दोघे, दुसऱ्या बाजूला आम्ही बाप-लेक. मी पांढरा शर्ट घातला होता आणि बोलायचं सगळं पाठ केलं होतं. मळा आमचा होता तिथपासून सुरुवात होती.

अधिकाऱ्यांनी विचारलं, की जादा कुटुंबं कधी काढता. मनीषाने नकाशा पुढे केला आणि आदेशाची नक्कल त्याच्या शेजारी ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, हे कोणी काढलं?

"मी. अजून शिकते आहे, म्हणून हा फक्त समजण्यासाठी. मान्यतेचा नकाशा आमच्या कॉलेजच्या सरांच्या ओळखीच्या आर्किटेक्टच्या सहीने देऊ."

मग त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली. संडास किती, मैला कुठे जातो, कुंपणापासून अंतर किती. ती एकेक सांगत गेली. मागच्या रांगेची पडवी कुंपणाच्या फार जवळ गेली आहे, हे त्यांनी धरायच्या आधी तिनेच सांगितलं आणि पडवी पाडू म्हणाली. पडवी मी बांधली आहे. मला न विचारता ती पाडली गेली आणि मी मान हलवली.

कापडणीस सरांनी पाण्याचं काढलं. ते बरोबरच होतं. तिने नकाशावर निळी रेघ दाखवली. आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे. वापराचं पाणी सगळ्या घरांना विहिरीतून, नळाचं फक्त प्यायला. सरांनी चष्मा पुसला आणि रेघ जवळून पाहिली. म्हणाले, हे झालं तर समितीचं पाण्याबद्दल काही म्हणणं नाही.

शेवटी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, थेटे, तुम्हाला काही सांगायचं आहे का? माझं पाठ केलेलं सगळं तोंडाशी होतं. मी म्हणालो, "नाही साहेब. तिने सांगितलं."

दोन्ही प्लॉटवर मिळून ठरलेल्या अटीत राहायला परवानगी. मान्यतेचा नकाशा पंधरा दिवसांत द्यायचा, काम महिनाभरात, मग तपासणी. जिना उतरताना मनीषा पुढे होती. कागदाची गुंडाळी तिच्या काखेत होती. येणारी-जाणारी माणसं तिला वाट देत होती. तसं ती सगळ्यांनाच देत असतील. पण मला बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

भिकन आणि चिमणाबाईला बोलावलं आणि हॉलमधली जागा तुमची म्हणून सांगितलं. मला वाटलं, आनंद होईल. दोघं पायरीखालीच उभी राहिली. मग चिमणाबाई म्हणाली, "मालक, त्या दिशी मीटिंगीत तुमी बोललात ना, आमी तुमच्या घरात पाय नाय टाकीत. तुमच्यातले नाय. मी तिथंच कप घिऊन उभी व्हती. मल्हारीला मीच सांगलं."

मी बोललो होतो. वर वहीत लिहिलंही आहे, चांगलं बोललो म्हणून. आज ते पान काढून वाचलं.

१४ फेब्रुवारी

ओझरचे लोक आले नाहीत. निरोप आला, की घरात भाडेकरू घेणार असं ऐकलं, आमच्या घरच्यांना ते बरं दिसत नाही. मला फार लागलं. मनीषाला कसं सांगावं ते कळेना. सांगितलं तर तिला विशेष वाईट वाटलेलं दिसलं नाही. रात्रीच्या भाकरी तिने केल्या आणि दोन जास्त खाल्ल्या. परीक्षेचा ताण उतरला असेल.

१ मार्च

होळी. डोंगराकडची सगळी घरं गावी गेली. सण त्यांचा मोठा, पाच दिवस कोणी परत यायचं नाही. मागे कोणाचा आवाज नाही. मी दोनदा उगाच चक्कर मारून आलो.

सलाउद्दीनने हॉलमध्ये दोरी बांधली. पहिली वीट त्याने माझ्या हातात दिली. ठेवली. मार्बलवर माल सांडला, सरुबाई पुसायला धावली नाही.

४ मार्च

मल्हारीच्या गावी जाऊन आलो. एस्टीने पेठ, पुढे जीप, पुढे पायी. कोणाला सांगितलं नव्हतं कशाला जातो ते. मनीषाने विचारलं नाही, फक्त पाण्याची बाटली दिली.

मल्हारी घरासमोर पोरीला घेऊन बसला होता. मला बघून उठला. मी पायरीखाली थांबलो, म्हणजे तिथे पायरी नव्हती, पण अंगणाच्या कडेला थांबलो. सांगितलं, की खोली द्यायला आलेलो नाही, अटीप्रमाणे आता जागा उरली नाही. मीटिंगमध्ये बोललो ते चुकीचं बोललो, एवढं सांगायला आलो.

त्याने पोरीला खाली ठेवलं. मग म्हणाला, "आत या, मालक. उन्हात काय उभं राहता."

घर त्याने स्वतः बांधलेलं. कुडाच्या भिंती शेणमातीने सारवलेल्या, इतक्या सपाट की सलाउद्दीनने बघायला हवं. वर सागाचे वासे, एकही वाकडा नाही. त्याने मला सगळं फिरून दाखवलं. धान्याची कणगी, गुरांची बाजू, मागची पडवी. मी मालक झाल्यापासून मला कोणी आपलं घर असं दाखवलं नव्हतं. मीच लोकांना दाखवत आलो. खिडक्या दोन होत्या. मी मोजल्या आणि त्याने मला मोजताना पाहिलं.

जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. सणाची माणसं आलेली, भाऊ, मेहुणे, त्यांची पोरं. मी सहज विचारलं, इथे राहतात किती जण?

"येतील तेवढी," तो म्हणाला.

त्याने दिंडोरीकडे एका बागेत वर्षाचं काम धरलं आहे. परत येणार नाही. जीपपर्यंत सोडायला आला आणि जीप सुटेपर्यंत थांबला.

१६ मार्च

तपासणी झाली. पडवी मी आठ दिवसांपूर्वीच स्वतः पहारीने पाडली. दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. आलेल्या कर्मचाऱ्याने दारं मोजली. सतरावर चार. सोळावर आम्ही, गावित, सलाउद्दीन आणि वरच्या खोलीत मागच्या रांगेतलंच नवं लग्न झालेलं जोडपं. त्याने विचारलं, पुढच्या ओट्यावर बसलेल्या बाई कोण? चिमणाबाई शेंगा सोलत बसली होती. मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "मी इथं राहती."

त्याने लिहून घेतलं.

अर्ध्या हॉलमध्ये आमच्या चार खुर्च्या मावतात. संध्याकाळी भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. सरुबाईला आवडतं. मला अजून सवय व्हायची आहे. पण भिंत ओळंब्यात आहे, तसूभर कुठे कललेली नाही. आल्यागेल्याला दाखवतो. मुलीने काढली आणि आमच्या सलाउद्दीनने बांधली म्हणून सांगतो.

२२ मार्च

सकाळी कापडणीस सर आले. मी ओट्यावर होतो. पाण्याचं विचारलं, गुडघ्यांचं सांगितलं, बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, लहानूभाऊ, आमचा मुलगा काही पुण्याहून परत येत नाही. वरचा मजला मोकळाच पडला आहे. एका प्लॉटवर चार चालतात म्हटल्यावर, एखादं कुटुंब वर ठेवावं म्हणतो. जिना बाहेरून काढता येईल का? अंतरं वगैरे नियमात बसली पाहिजेत. नाहीतर माझ्याच समितीकडे तक्रार यायची.

मी म्हणालो, सर, यातलं मला काही कळत नाही. तिला विचारा.

मनीषा पिशवी खांद्याला लावून निघाली होती. सरांनी उठून तिला सगळं पुन्हा सांगितलं. हेडमास्तरांना असं उभं राहून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. "सर, आधी घर बघावं लागेल. वर कोण राहणार तेही सांगा, त्यावर संडास आणि स्वयंपाकाचा ओटा ठरेल. आज माझं कॉलेज आहे. उद्या सुटी आहे, उद्या अकराला इकडे या, मग आपण बरोबरच बघायला जाऊ."

सर बरं म्हणाले. ती गेट लावून गेली. आम्ही दोघं बघत राहिलो.

२३ मार्च

सर आले. अकराला पाच कमी असताना.